ऐनावरची रेंज

आमच्या पाड्यात फोन घरात चालत नाही, झाडावर चालतो. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापड्यांनो. एकदा चार दिवस राहायला या, मग बघते किती हसता ते.

पाड्याच्या मागं टेकडी आहे आणि टेकडीच्या अर्ध्यावर, मोठा खडक चढून गेलं की ऐनाचं जुनं झाड. बोईसरकडून येणारी रेंज सगळा डोंगर सोडून नेमकी त्या ऐनाला लागते. तीही खाली नाही. टाचा उचलून हात वर केला की बोटं जिथं पोचतात तिथं. वीतभर खाली आणलात की गेली. म्हणून आम्ही पाण्याच्या रिकाम्या बाटल्या मधून कापल्या, भोकं पाडून सुतळी ओवली आणि खोडाला बांधून टाकल्या. फोनागणिक एक बाटली. सकाळी वर जाऊन आपला फोन आपल्या बाटलीत ठेवायचा आणि कामाला लागायचं. फोन वाजला तरी तो बाहेर काढायचा नाही, कानाला तर मुळीच लावायचा नाही. बोटाने हिरवं बटण दाबायचं, स्पीकर लावायचा आणि मान वर करून ओरडायचं.

त्यामुळे आमच्याकडे कुणाचं काही झाकलेलं राहत नाही. नणंदेचं भांडण, माहेरचं आजारपण, कामाला गेलेल्या नवऱ्याचं गोड बोलणं, सगळं झाडाखाली बसलेल्या चार बाया ऐकतात आणि वर सल्लाही देतात. मी आश्रमशाळेत बारावीपर्यंत शिकले, म्हणून फोन लावून द्यायचं काम माझ्याच गळ्यात. "बाय, जरा माझ्या भावाला लाव ना." मी आधी चिडते, मग लावून देते.

तर अशा त्या झाडाखाली मी एक अख्खा दिवस काढला. त्या दिवसापासून फोन वाजला की मी हातातलं काम टाकून उभी राहते, मग तो कुणाचाही असो.

थंडीचे दिवस होते. भात झोडून घरात आलं होतं. माझा धाकटा दीर बोईसरला एका केमिकलच्या कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होता. त्याला ताप भरला. साधासुधा नाही, गोधडीखाली दात वाजत होते. एक खाडा झाला होता. दुसरा पडला असता तर मुकादम पास काढून घेणार आणि त्याच्या जागी दुसरा माणूस उभा करणार, हे ठरलेलं. तिथं माणसांना काय तोटा!

अशा वेळी आमच्याकडे एकाच्या पासावर दुसरा जातो. यात कुणाला लबाडी वाटत नाही. भाऊ आजारी, तर भावाने त्याचं काम करायचं. गेटवर पासावरचा फोटो कोण निरखून बघतो? आणि हे दोघे तर तोंडावरून सारखेच, तेच नाक, तेच कान. मागून बघितलं तर मलासुद्धा चटकन कळत नाही कोण कुठला.

माझा नवरा कंपनीत कधीच गेलेला नव्हता. शेतीचं काम आटपलं की तो माकुणसारकडे वाड्यांवर मजुरीला जातो. मिरचीला पाणी दे, केळीला माती लाव, असली कामं. कंपनीचं नाव काढलं की त्याचं तोंड वाकडं व्हायचं.

"मी नाय जायचा त्या धुरात," तो म्हणाला. "मला तिथलं काय कळतं?"

"कळायचं काय हाय त्यात? पिंपं उचलायची न् रचायची," दीर गोधडीतून म्हणाला.

तरी हा उंबऱ्यावर बसूनच. उजाडायला आलं होतं, खालच्या रस्त्यावरची टमटम चुकली असती. माझं डोकं फिरलं. चुलीत फुंकर मारता मारता, त्याच्याकडे न बघता मी म्हटलं, "एक दिवस गेलास तर मरशील काय?"

हे मी बोलले. दुसऱ्या कुणी नाही. बोलताना मला त्यात काही वाटलंही नाही, आम्ही बाया दिवसातून दहा वेळा असंच बोलतो. तो उठला, भावाचा पास खिशात घातला, भाकरीचा डबा घेतला आणि उताराने खाली निघाला. दीर मागून ओरडला, "फोन आत नको नेऊ, गेटवर ठेव! आन् कुणी नाव इचारलं तर माझंच सांग!"

त्या कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत. ठिणगी पडून आग लागेल म्हणतात. गेटवर वॉचमनच्या खोलीत लाकडी खोकं आहे, त्याला कप्पे. आत जाताना फोन कप्प्यात ठेवायचा, सुटताना घ्यायचा. दीर रोज सुटला की तिथून एक मिस कॉल द्यायचा, म्हणजे सासू भाकऱ्या टाकायला घ्यायची.

उन्हं अंगणात आली होती. मी राखेने पातेली घासत होते. तेवढ्यात आवाज झाला. फटाक्यासारखा नाही. लांब कुठंतरी काहीतरी जड वस्तू जमिनीवर आपटावी तसा, धप्प. पायाखाली जमीन हलल्यागत झालं आणि मांडणीवरची ताटं वाजली. कोंबड्या ओरडत घरात शिरल्या.

सासू दारात आली. आमच्याकडची म्हातारी माणसं कुठलाही मोठा आवाज झाला की आधी तारापूरचं नाव घेतात, तिथल्या अणूची भीती त्यांच्या मनातून गेलेली नाही. "तारापूरचं काय झालं का गं?" तिनं विचारलं.

मी हातातलं पातेलं तसंच टाकलं आणि राखेच्या हातांनी टेकडीकडे पळत सुटले.

खडक चढून गेल्यावर खालचं सगळं दिसतं. उमरोळीकडची झाडी, पलीकडे बोईसरच्या चिमण्या, आणि आकाश स्वच्छ असलं तर शेवटी समुद्राची रेघ. त्या दिवशी चिमण्यांच्या मधून एक धूर वर निघाला होता. चिमणीचा धूर आम्ही रोज बघतो, पांढरा, वाऱ्याने वाकणारा. हा तसा नव्हता. काळा होता, तळाशी पिवळट, आणि सरळ वर चालला होता. कुठल्या कंपनीतून निघालाय ते एवढ्या लांबून कसं कळणार? मी मनात म्हटलं, बोईसरला कंपन्या काय थोड्या आहेत, त्याचीच कशाला असेल.

माझा आणि दिराचा फोन सकाळीच मी आपापल्या बाटलीत ठेवून आले होते. माझ्या फोनवर नवऱ्याचं नाव दाबलं. रिंग गेली. वाजला, वाजला, आणि बंद झाला. परत दाबलं. परत तेच. फोन गेटवर ठेवलाय, तो आत आहे, मग उचलणार कोण? हे मला माहीत होतं. तरी दर रिंगला मला वाटायचं, आता उचलेल. आता उचलेल आणि म्हणेल, काय गं, कामाच्या येळंला फोन कशाला.

तोवर पाडा वर आला. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी बोईसरला आहेच. बाया, म्हातारे, पोरं घेतलेल्या आया, सगळे झाडाभोवती. बाटल्यांमधून एकाच वेळी सात-आठ फोन लावलेले, सगळ्यांचे स्पीकर सुरू. ट्रीं ट्रीं, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क साधू इच्छिता, हॅलो, हॅलो, कोण बोलतंय, जोरात बोल! एकीचा लागला. तिचा नवरा पलीकडून ओरडत होता, "मी बरा हाय! दुसऱ्या कंपनीत झालंय!" ती मटकन खाली बसून रडायला लागली. मग दुसरीचा लागला. तोही बरा. कंपनीचं नाव पहिल्यांदा तिच्या नवऱ्याच्या तोंडून ऐकलं. दिराचीच कंपनी.

मी सुतळीला धरून उभी राहिले.

दीर सासूच्या खांद्यावर हात टाकून वर आला. अंगावर गोधडी, डोळे लाल, ओठ पांढरे. आणि त्याच वेळी त्याच्या बाटलीतला फोन वाजला. मी टाचा उचलून बघितलं. मुकादम.

"उचल ना," मी म्हटलं.

दीर हलेना. "मी कसा उचलू, वैनी? मी तर आत हाय."

त्याचं खरंच होतं. मुकादमाच्या वहीत तो आत होता. मी बटण दाबलं.

"हॅलो! कोण बोलतंय?" मुकादमाच्या मागं आरडाओरडा, गाड्यांचे भोंगे. "त्याच्या घरचं कोण हाय का? हा फोन घरीच ठेवून आला काय तो?"

"मी त्याची वैनी. काय झालं?"

"बाय, तुमचा माणूस मोजणीत नाय. सगळी बाहेर आली, तीन-चार नायत. त्यात त्याचं नाव हाय. त्याचा कुणाच्या फोनवरनं फोन आला का घरी? आला असंल तर सांगा."

ज्याचं नाव मुकादम घेत होता तो आमच्यात गोधडी पांघरून उभा होता. सासूनं आधी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या हाताला हात लावून बघितला. मग तिच्या ध्यानात आलं. ती खाली बसली आणि जमिनीवर हात फिरवायला लागली.

आता खरं सांगते, लाज वाटते तरी सांगते. त्या वेळी माझ्या मनात एक क्षण पास आला. खरं बोलले तर दिराचं काम जाणार, मुकादम परत पाड्यातल्या कुणाला उभं करणार नाही, हे सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं. नवरा आगीत, आणि मी पासाचा विचार करते! माझी मलाच किळस आली.

"मुकादम, तो घरीच हाय," मी ओरडले. "तापानं पडलाय. त्याच्या पासावर माझा नवरा आलाय. मोठा भाऊ. त्याला बघा!"

"काय बोलतेस काय? हा घरी हाय? जिता हाय?"

"हाय. हितंच हाय. पण माझा नवरा..."

"आयला, मी तर नाव देऊन बसलो." मग त्याचा आवाज लांब गेला. बाजूला कुणीतरी हिंदीत विचारत होतं. मुकादम त्याला म्हणाला ते आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "मिल गया, मिल गया. वो घर पे है. नाम काट दो."

आणि फोन बंद झाला.

मला समजायला थोडा वेळ लागला. दिराचं नाव कापलं, म्हणजे तीन-चारातला एक कमी झाला. त्यांच्या लेखी एक माणूस सापडला. माझा नवरा त्यांच्या वहीत कधी नव्हताच. जो आत गेलाच नाही त्याला आत कोण शोधणार? मी खरं बोलले, आणि खरं बोलून त्याचं शोधणंच थांबवलं.

"लाव, लाव, परत लाव!" दीर ओरडत होता. मी मुकादमाला लावला. व्यस्त. परत व्यस्त. दहा वेळा व्यस्त. मग नवऱ्याला लावला. वाजत राहिला. परत लावला. आणि कुणीतरी उचलला.

"हॅलो! हॅलो! कुठं हायस तू?"

"हैलो, कौन?" कुणी परका माणूस होता. "मैं गेट का वॉचमैन."

"मेरा आदमी है अंदर," मी म्हटलं. माझं हिंदी असलंच. "ये फोन उसका है. वो बाहर आया क्या?"

"मैडम, इधर सबका फोन बज रहा है. जो बाहर आया वो अपना फोन लेके गया. जिसका पड़ा है..." तो थांबला. मग हळू म्हणाला, "नाम बोलो आदमी का."

मी तोंड उघडलं आणि थांबले. कुठलं नाव सांगू? दिराचं सांगितलं तर ते कापलंय. मी नवऱ्याचं खरं नाव सांगितलं. पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज झाला.

"इस नाम का कोई नहीं है हमारे यहाँ."

"है! आज आया है! दूसरे के पास पे..." आणि रेंज गेली. कुणाचा तरी धक्का लागून बाटली हलली होती. ज्या बाईचा धक्का लागला तिला मी काय काय बोलले ते आता सांगवत नाही. तिचा नवरा सुखरूप होता ना, म्हणून जास्तच बोलले. बिचारी ऐकून घेत राहिली.

दीर थांबायला तयार नव्हता. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर, गोधडीसकट, मागं बसून बोईसरला निघाला. जाताना आपला फोन काढून घेऊन गेला. "सापडला की लावतो, वैनी," म्हणाला. सापडला की. कसा, ते कुणी बोललं नाही.

मग नुसतं बसणं. पाड्यातले थोडे खाली गेले, बाया राहिल्या. एकीनं पाणी आणलं, मी प्यायले नाही. दुसरी नाक ओढायला लागली. "रडायचं काम नाय!" मी तिच्या अंगावर ओरडले. "कोण मेलंय का? मग?" तिनं तोंडावर पदर घेतला. धूर आता पसरून समुद्राच्या बाजूला, शिरगावच्या अंगाला वाकला होता. मी दर थोड्या वेळाने उठायचे, त्याचं नाव दाबायचे. आता कुणी उचलतही नव्हतं. एवढं कळत होतं की ते खोकं अजून जाग्यावर आहे आणि त्यात त्याचा फोन वाजतोय, आणि तो घ्यायला तो आलेला नाही.

सासू माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. सकाळी मी चुलीपाशी काय म्हटलं ते तिनं ऐकलं होतं का? तिची खाट आतल्या बाजूला, पण आमचं घर ते केवढं! कुडाच्या भिंती. तिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिच्याकडे बघायची मला भीती वाटत होती. मी मनात सारखी म्हणत होते, तसं नाय म्हणायचं होतं मला. देवा, तसं नाय म्हणायचं होतं. पण म्हटलेलं परत कसं घेणार? माझ्याच तोंडानं त्याला पाठवलं.

उन्हं कलली. झाडाची सावली खडकापर्यंत आली. आणि खालच्या वाटेवर एक माणूस दिसला.

एकटाच येत होता. सावकाश, खाली मान घालून. मी उठले नाही. मला वाटलं दीर आहे. मघाशी सांगितलं ना, दोघे सारखे दिसतात. मोटारसायकल नाही, बरोबर कुणी नाही, फोन केला नाही, म्हणजे काय सांगायचं ते फोनवर सांगवत नसेल म्हणून चालत आलाय. मी डोळे मिटून घेतले. येऊच नये तो वर, असं वाटलं. तो जोवर पोचत नाही तोवर मला काही कळलेलं नाही. पायाखालचे दगड घसरल्याचे आवाज जवळ जवळ येत होते आणि मी कान झाकले.

"काय गं, सगळी हितं काय करताव? घरात कोणच नाय. मी पाणी पिऊन आलो."

डोळे उघडले. नवरा. अंगभर पांढरी भुकटी, एका बाजूची भुवई जळालेली, पायात एकच चप्पल. हातात डबा. डबा सुद्धा विसरला नव्हता, मेला!

मी उठले आणि त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारत सुटले. काय बोलत होते माझं मला माहीत नाही. सासू मधे आली, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून चाचपत राहिली, कान, मान, डोकं, आणि मग मोठ्यानं रडली. सकाळपासून पहिल्यांदा.

तो सांगायला लागला. तो मागच्या बाजूला पिंपं रचत होता. आवाज झाला तसा उडून पडला. उठून सगळ्यांबरोबर पळाला. मैदानात सगळ्यांना रांगेत उभं केलं, एक साहेब वही घेऊन नावं लिहायला लागला. पास दाखवा, नाव सांगा. "मला वाटलं, पकडलं आता," नवरा म्हणाला. "फोटू बघतील, भावाचं काम जाईल, वर पोलिसात देतील. मागं भिंत पडलेली. तिथनं निघालो." भीतीपोटी मोजणीतून निसटला, म्हणून मोजणीत नव्हता. फोन गेटवर राहिला. पैसे फोनच्या कव्हरात, म्हणून टमटमला पैसे नाहीत. बोईसरहून उमरोळी आणि तिथून डोंगर, सगळा एका चपलेवर चालत आला.

"आरं पण वाटेत कुणाच्या फोनवरनं एक फोन करायचास!" मी ओरडले. "एवढी माणसं रस्त्याला! एक फोन!"

"इचारला एकाला. दिला पण त्यानं फोन." तो खाली बघत म्हणाला. "तुझा नंबर कुठं येतो मला?"

तेवढ्यात माझ्या बाटलीतला फोन वाजला. दीर होता. मी बटण दाबलं आणि त्याचं रडणंच आधी आलं. "वैनी, आत सोडत नायत गं. नाव नाय म्हणतात. दवाखान्यातबी बघितलं. दोघं झाकून ठेवलेत, मला बघवलं नाय. तू ये, वैनी, तूच ओळख."

माझा नवरा, ज्याला ओळखायला दीर मला बोलावत होता, माझ्या शेजारी उभा राहून वर बाटलीकडे बघत होता. मग टाचा उचलून त्यानं तोंड वर केलं आणि म्हणाला, "आरं, मी हाय. घरी आलोय. तू ये परत. ताप हाय ना तुला."

पलीकडून नुसता रस्त्याचा आवाज.

तिसऱ्या दिवशी दोघे भाऊ फोन आणायला गेले. काम तर गेलंच होतं. संध्याकाळी नवरा परत आला आणि जेवला नाही. मी ताट पुढे सरकवलं, त्यानं बाजूला केलं. पुष्कळ वेळाने म्हणाला, "खोक्यात तीन फोन राहिलेत. एक वाजत होता. आमी उभं होतो तवर सारखा वाजत होता. वॉचमन तिकडं बघतच नवता. त्यावर कुणाचं तरी बारकं पोर दिसत होतं, फोटू."

मला त्या फोनच्या दुसऱ्या टोकाची बाई दिसत होती. तीही कुठल्यातरी झाडाखाली उभी असेल, नाहीतर कौलांवर चढली असेल, आणि तिला वाटत असेल, आता उचलेल.

"मला तुझा नंबर शिकव," नवरा म्हणाला.

चुलीच्या उजेडात मी त्याला नंबर शिकवला. तो चौथीपर्यंतच शिकलेला. दोन दोन आकडे करून म्हणायचा, सातव्यापाशी अडायचा, परत पहिल्यापासून. मी पहिलीतल्या पोराला ओरडावं तशी ओरडत होते. सासू खाटेवरून ऐकत होती, तीही त्याच्याबरोबर ओठ हलवत होती. शेवटी त्याला न अडखळता आला. लागोपाठ तीनदा म्हणून दाखवला त्यानं. मग आपला फोन खिशात ठेवला, माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "आता तू माझा सांग."

त्या दिवशी झाडाखाली मी तो शंभर वेळा तरी लावला असेल. मी तोंड उघडलं. पहिले दोन आकडे आले, आणि पुढचं काही येईना.